फायटर माशाला रोज फ्रीझ ड्राइड किडे: चालतं की नाही?

टिळकवाडीकर
मंडळी, सरळ बोलतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यात फ्रोझनच्या (गोठवलेल्या किड्यांच्या) नादी लागू नये. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, फ्रीजरमधला ब्लडवर्म (लाल अळी) वितळतो, परत गोठतो आणि मधल्या वेळात नासतो. जिवंत ट्युबिफेक्स (गाळातला बारीक लाल किडा) तर गटारातलाच. फ्रीझ ड्राइडमध्ये गोठवलेल्या किड्यातला बर्फ निर्वात पेटीत थेट वाफ करून काढतात. किडा शिजत नाही, प्रथिनं टिकतात, फ्रीज लागत नाही. रोज घाला. माशांचे तयार दाणे हवेत कशाला?

निपाणीचा फायटरवाला
रोज घातलं तर पोट फुगून मासा आडवा पोहायला लागेल. सुका किडा पोटात पाणी पिऊन दुप्पट होतो.

शहापूर गल्ली
पोट फुगतं हे खरं, पण कारण वेगळं आहे. वाळवताना किड्याचा आकार तसाच राहतो, म्हणून भिजल्यावर तो फारसा मोठा होत नाही. फुगतात ते दाबून केलेले दाणे. इथे घोळ वजनाचा आहे. जिवंत किड्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणजे १ ग्रॅम सुका हा ५ ग्रॅमहून जास्त ओल्या किड्याइतका. चिमूटभर दिसतं आणि फायटरच्या डोळ्याएवढ्या पोटात चार दिवसांचं जेवण जातं. वरून हा माल तरंगतो. गोल्डफिशला जठरच नसतं, तो वर येऊन हवेसकट गिळतो आणि मग उलटा तरंगतो.

टाकीतलंच पाणी बाटलीच्या टोपणात घ्या, नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. ५ ते १० मिनिटं भिजवा. किडा तळाला बसला की झालं. क्यूब (किड्यांची दाबलेली वडी) असेल तर पाव तुकडा पाण्याखाली बोटांनी दाबा, बुडबुडे निघून जातात, मग काचेला चिकटवा. भिजवलेलं पाणी टाकीत ओतू नका, गढूळ होतं. फायटरला एका वेळी २-३ ब्लडवर्म, आठवड्यातून दोनदा. एक दिवस उपास.

टिळकवाडीकर
अण्णा, भिजवलं की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या टोपणातच राहिली की! मग उरलं काय?

शहापूर गल्ली
थोडी जातात, बरोबर. म्हणून तर हा मुख्य आहार नव्हे. चांगल्या दाण्यात क जीवनसत्त्व वरून घातलेलं असतं. ते नसेल तर वाढत्या पिल्लांचा कणा वाकतो. नुसत्या किड्यांवर गप्पीची पिल्लं वाढवू नका.

खानापूरची ताई
साठवणीचं कुणीच बोलेना. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात उघडा डबा म्हणजे बुरशीला आमंत्रण. सुका किडा हवेतला ओलावा ओढतो. किडा चुरचुरीत न राहता वातड झाला किंवा तेलकट खवट वास आला की फेकून द्या, 'थोडंच आहे' म्हणून घालू नका. महिनाभराचा माल छोट्या बाटलीत काढा, सोबत सिलिका जेलची पुडी, मोठा डबा घट्ट बंद. डबा फ्रीजमध्ये असेल तर बाहेर काढून तासभर तसाच ठेवा, लगेच उघडलात तर आतच दव धरतं.

आणि ब्लडवर्म हातानं चुरू नका. त्याच्या भुकटीची अ‍ॅलर्जी होते: डोळे चुरचुरतात, शिंका येतात, दमेकऱ्याला धाप लागते. चिमटा वापरा, चुरायचंच तर ओलं करून.

निपाणीचा फायटरवाला
'किडा शिजत नाही' ही तर माझी मुख्य तक्रार. प्रयोगशाळेत जिवाणू वर्षानुवर्षं जपायला हीच पद्धत वापरतात! गटारातला ट्युबिफेक्स वाळवला म्हणून निर्जंतुक झाला असं कुठाय? परजीवी बहुतेक मरतात, जिवाणूंची खात्री नाही. आमच्याकडे ट्युबिफेक्स बाद. डॅफ्निया (पाण्यातला बारीक जीव) घ्या, त्याच्या कवचानं पोट साफ होतं.

टिळकवाडीकर
ट्युबिफेक्स सोडला, चला. पण फ्रोझन कसं टिकवणार ते कुणीच सांगितलं नाही. आणि ऑस्करसारख्या मोठ्या माशाला आठवड्यातून दोनदा म्हणजे त्याची चेष्टाच.

शहापूर गल्ली
फ्रोझन घ्या असं म्हटलंच नाही; रोजचे दाणे, वर भिजवलेला डॅफ्निया. ऑस्करला क्रिल (कोळंबीसारखा छोटा जीव) द्या, पण भिजवूनच, आणि २-३ मिनिटांत खाल्लं नाही ते सायफननं काढा, नाहीतर अमोनिया चढतो. डिसेंबर-जानेवारीत हीटर नसेल तर पाणी २२ अंशांच्या खाली जातं, पचन मंदावतं. तेव्हा सगळ्यांचंच खाणं निम्मं.

निपाणीचा फायटरवाला
निम्मं नाही, किडे पूर्ण बंद. थंडीत फक्त दाणे.