मदत हवी आहे: खडकीच्या हॉकीवाल्या बाबांना इथली ज्युनिअर हॉकी दाखवायची आहे (किचनर, ऑन्टारियो)

खडकीची_लेक

नमस्कार मंडळी,

आईबाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. आईला नातवंडं आणि लायब्ररी पुरते, बाबांचं मात्र अवघड झालंय. बाहेर थंडी, रस्त्यावर माणूस नाही आणि टीव्हीवरच्या बातम्या संपल्यात. बाबा खडकीचे. आयुष्यभर अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत नोकरी आणि सुटी झाली की मैदानावर हॉकी. धनराज पिल्ले आमच्याच खडकीचा, त्यामुळे "मी त्याला पोरगा असल्यापासून पाहिलाय" हे वाक्य आमच्याकडे दर दिवाळीला फराळाबरोबर येतं.

गेल्या आठवड्यात मुलाने किचनर रेंजर्सचं (इथला ज्युनिअर संघ) वेळापत्रक फ्रिजवर लावलं. "हॉकी" हा शब्द वाचून बाबा चहा टाकून उठले. बर्फावरची आहे म्हटल्यावर म्हणाले, "काठी आहे ना? मग झालं."

पंचाईत अशी की आठ वर्षं इथे राहून आम्ही स्वतः एकही मॅच पाहिलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळची मॅच धरून चाललोय. मदत करा:

१. बाबा ७४ वर्षांचे, गुडघे दुखतात, कानाला यंत्र आहे. बसायचं कुठे? काचेला चिकटून की वर?
२. आत किती थंडी असते? सगळी गोधडी बरोबर न्यायची का?
३. बाबा पूर्ण शाकाहारी आहेत. डबा नेऊ देतात का?
४. नियम थोडक्यात कोणी सांगेल का? बाबा मलाच विचारणार आणि मला काहीच येत नाही.
५. मारामारी होते म्हणतात. खरं का? सहा वर्षांची मुलगीही बरोबर आहे.

---

पेनल्टीबॉक्स

ताई, मी लंडनवाला. टेम्स नदीचंच लंडन, पण ऑन्टारियोतलं. म्हणजे तुमच्या शत्रुपक्षाचा माणूस. तरीही धर्म म्हणून उत्तर देतो.

पहिल्यांदा जाताय तर काचेजवळ बसूच नका. सगळ्यांना तीच जागा हवी असते, आणि तिथून समोरचा कोपरा सोडून काही दिसत नाही. पलीकडे गोल झाला तरी लोक ओरडल्यावर कळतं. शिवाय दोन पोरं तुमच्या नाकासमोर काचेवर आदळली की सहा वर्षांची मुलगी घरी चला म्हणणार. मधल्या रेषेच्या जरा बाजूला, मध्यापेक्षा वरच्या रांगेत बसा. तिथून खेळाची नक्षी दिसते. काकांनी मैदानी हॉकी खेळलीय, त्यांना पासिंग वाचायचं असेल, धडका मोजायच्या नसतील.

तिकीट काढताना बसायच्या जागांचा नकाशा उघडतो. त्यात आधी दरवाजा शोधा, मग त्याला लागून असलेली रांग, आणि त्या रांगेतली कडेची खुर्ची. गुडघ्यांचा प्रश्न अर्धा तिथेच सुटला. गोलच्या मागचं तिकीट बऱ्याचदा स्वस्त असतं, पण तिथे समोर जाळी असते आणि डोळ्यांना ती सवयीची व्हायला एक पिरियड, म्हणजे मॅचचा पहिला भाग, जातो. जाळी मात्र हवीच. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १७० ग्रॅम, आणि उसळी कमी व्हावी म्हणून मुद्दाम गोठवून आणलेली. २००२ साली कोलंबसला एनएचएलच्या (मोठ्यांची व्यावसायिक लीग) मॅचमध्ये पक लागून एक तेरा वर्षांची मुलगी दगावली, त्यानंतर त्या लीगने गोलमागे जाळ्या सक्तीच्या केल्या. बाजूच्या भागात जाळी नसते, तेव्हा खेळ चालू असताना फोनमध्ये डोकं घालू नका. मुलीला तुमच्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसवा.

आणि हो, आमच्या लंडन नाइट्सनी २००५, २०१६ आणि २०२५ ला मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीचा सगळ्यात मोठा चषक, जिंकलाय. सहज सांगितलं.

---

अर्धी_गोधडी

थंडीचं मी सांगते. बर्फाचा पृष्ठभाग शून्याखाली चार-पाच अंश असतो, प्रेक्षकांत तेवढं नसतं, पण अडीच तास हालचाल न करता बसायचं असतं. चालताना जी थंडी वाजत नाही ती बसल्यावर वाजते. थंडी वरून नाही, खालून येते, पायाखालच्या काँक्रीटमधून. जाड मोजे, जाड तळाचे बूट आणि बसायला घडी घातलेली शाल किंवा छोटी उशी. एवढं केलंत तर गोधडी घरी ठेवा. मोठी बॅगही नेऊ नका, दारात तपासणीला वेळ जातो. बॅगेचा चालणारा आकार क्लबच्या साइटवर दिलेला असतो, तो निघण्याआधी बघा.

डबा आत नेऊ देत नाहीत असंच धरा आणि साडेपाचला घरी जेवून निघा. आत पॉपकॉर्न आणि फ्राइज मिळतात. पुटीन मात्र विचारून घ्या. बटाटे आणि चीज पाहून शाकाहारी वाटतं, पण वरची ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्शाची असते. आमच्या सासूबाईंनी अर्धी प्लेट खाल्ल्यावर आम्हाला हे कळलं होतं. त्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.

---

निळी_रेघ

चौथा प्रश्न माझा.

काकांना आधी फरक सांगा. तिथे अकरा, इथे सहा: गोलकीपर धरून. तिथे काठीची एकच सपाट बाजू चालते, इथे दोन्ही. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड, आणि घड्याळ फक्त खेळ चालू असतानाच पळतं, म्हणून साठ मिनिटांची मॅच अडीच तासांवर जाते. खेळाडू साधारण पाऊण मिनिटात दमून बाहेर येतात आणि खेळ न थांबवता बदली होते. नव्या माणसाला पहिला गोंधळ इथेच होतो, "हा कुठून आला?"

ऑफसाइड: दोन निळ्या रेघा दिसतील. हल्ला करणाऱ्याने पकच्या आधी समोरची निळी रेघ ओलांडायची नाही. काकांना हे पटकन कळेल, त्यांच्या तरुणपणी मैदानी हॉकीत ऑफसाइड होताच. तो नव्वदच्या दशकात काढून टाकला.

आयसिंग: आपल्या अर्ध्यातून पक नुसताच लांब भिरकावला आणि कोणाला न लागता समोरच्या गोलरेषेपलीकडे गेला, की शिट्टी. पळपुटेपणाची शिक्षा समजा.

पेनल्टी: किरकोळ चूक असेल तर खेळाडू दोन मिनिटं बाकावर आणि त्याचा संघ एकाने कमी. ज्यांचे जास्त त्यांचा पॉवर प्ले. त्या दोन मिनिटांत गोल खाल्ला की बाकावरचा सुटतो. मोठ्या गुन्ह्याला पाच मिनिटं, आणि त्यात गोल झाला तरी सुटका नाही.

बरोबरी झाली तर पाच मिनिटं तीनास तीन. मॅचमधला सगळ्यात सुंदर भाग. पार्किंगमधली गर्दी टाळायला लोक तेव्हाच उठून जातात, त्यांना काय म्हणावं.

---

साखरझोप

मारामारीचं कोणीच लिहिलं नाही. होते, पण पूर्वीइतकी नाही. ओएचएलमध्ये (रेंजर्स खेळतात ती ऑन्टारियोची ज्युनिअर लीग) मोसमात तीनपेक्षा जास्त वेळा भांडलात तर निलंबन लागतं, आणि क्वेबेकच्या लीगने तर २०२३ मध्ये मारामारीवर बंदीच घातली. तरी एखादी झालीच तर सगळं स्टेडियम उभं राहतं आणि लहान मूल घाबरतं. आधी सांगून ठेवा की पंच सोडवतात आणि दोघांनाही शिक्षा होते.

कानाच्या यंत्राचा आवाज राष्ट्रगीत संपल्याबरोबर कमी करायला सांगा. गोलचा भोंगा अचानक वाजतो.

---

पेनल्टीबॉक्स

राष्ट्रगीतावरून आठवलं. उभं राहायचं, टोपी काढायची. ईरी, सॅगिनॉ किंवा फ्लिंटचा संघ आला असेल तर अमेरिकेचंही होतं, तेव्हा काकांना लगेच बसू देऊ नका.

दुसरं, खेळ चालू असताना जागेवरून उठायचं नाही आणि परत यायचंही नाही. शिट्टी होईपर्यंत पायऱ्यांच्या वर थांबायचं. या एका गोष्टीवर इथले लोक खरंच चिडतात, एरवी सगळं खपवून घेतात.

---

जुना_भाडेकरू

मंडळी, सगळं बरोबर आहे, पण खरी गंमत राहिली. काकांना हे सांगून न्या.

ही पोरं सोळा ते वीस वर्षांची आहेत. बहुतेकांचं घर शेकडो किलोमीटर लांब. सोळाव्या वर्षी घर सोडून ती गावातल्या कुटुंबांत राहतात, त्याला बिलेट म्हणतात. सकाळी शाळा, दुपारी सराव, रात्री बसने दुसऱ्या गावी. आमच्या शेजारच्या घरात असा एक होता. मॅचमध्ये दोन जणांना आडवं पाडणारा तो गडी दुसऱ्या दिवशी त्या घरच्या आजीबरोबर रस्त्यावरचं बर्फ उपसत असायचा. यातले थोडेच पुढे एनएचएलमध्ये जातात. उरलेल्यांनी जितके मोसम खेळले तितक्या वर्षांची कॉलेजची फी लीगच्या शिष्यवृत्तीतून मिळते.

दुसरं म्हणजे रेंजर्स हा संघ कुठल्या शेठचा नाही. मोसमाचं तिकीट घेणारे लोकच त्याचे मालक, नफा वाटला जात नाही. १९६३ मध्ये संघ ग्वेल्फहून इथे आला. निळा-लाल-पांढरा गणवेश न्यूयॉर्क रेंजर्ससारखा दिसतो, कारण तेव्हा नातं तिथलंच होतं. मेमोरियल कप १९८२ आणि २००३ ला आणला. (पेनल्टीबॉक्स, सहज सांगितलं.) अल मॅकिनिस, स्कॉट स्टीव्हन्स, अलीकडचा गॅब्रिएल लँडेस्कॉग, सगळे इथूनच गेले. ज्या इमारतीत तुम्ही जाणार ती १९५१ ची, महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून बांधलेली. पूर्ण नाव मेमोरियल ऑडिटोरियम, पण गावात सगळे "द ऑड" म्हणतात. २०१२ मध्ये वाढवली, आता सात हजारांवर लोक मावतात.

अजून एक अवांतर, खडकीच्या माणसाला आवडेल. या गावाचं नाव १९१६ पर्यंत बर्लिन होतं. पहिल्या महायुद्धात ते नकोसं झालं म्हणून किचनर ठेवलं. हा तोच लॉर्ड किचनर, जो आधी हिंदुस्थानचा सरसेनापती होता आणि कर्झनशी भांडला. खडकीच्या लष्करी छावणीत वाढलेल्या काकांनी किचनरला येऊन राहावं यात काहीतरी आहे खास!

---

खडकीची_लेक

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. जाऊन आलो. काल रात्री साडेअकराला बाबा अजून बोलत होते म्हणून आज लिहितेय.

कडेच्या खुर्च्या मिळाल्या, वरच्या रांगेत. मोजे दोन-दोन घातले होते तरी आईचे पाय गार पडले, उशी विसरलो तो आमचाच गाढवपणा. बाबांनी पहिला पिरियड अजिबात तोंड उघडलं नाही. मला वाटलं कंटाळले. मध्यंतरात झांबोनी आली आणि बर्फ पुसून चकचकीत करून गेली, तेव्हा पहिलं वाक्य आलं: "आमच्या मैदानावर निदान एकदा रोलर फिरवला असता तर." मग सुरू झाले ते थांबलेच नाहीत. पासिंग त्यांना आवडलं. धडका अजिबात नाही. "चेंडू काढून घ्यायचा की माणूस?" असं चार वेळा विचारून झालं. मी पक म्हणायला सांगितलं, ते चेंडूच म्हणत राहिले.

दुसऱ्या पिरियडमध्ये एक लहानसर, किरकोळ पोरगा डाव्या बाजूने तिघांना चुकवून आत घुसला. गोल झाला नाही. पण बाबा उभे राहिले, शिट्टी-बिट्टी विसरून, आणि मागच्या बाईंनी त्यांना खाली बसवलं. (पेनल्टीबॉक्स, माफी.) नंतर त्यांनी मला कार्यक्रमपत्रिकेत त्याचं वय बघायला लावलं. सतरा. "आई जवळ नाही म्हणजे याच्या जेवणाचं कोण बघतं?" बिलेटचं सांगितलं, तेव्हा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्याकडे एक खोली रिकामी आहे ना, आम्ही गेल्यावर.

नवरा अजून माझ्याकडे बघत नाहीये.

मारामारी एक झाली, दहा सेकंदांची. मुलगी घाबरली नाही, तिने विचारलं त्यांना टाइमआउट किती मिनिटांचा. गोलचा भोंगा वाजला तेव्हा दचकली ती आईच. फिफ्टी-फिफ्टीचं तिकीटही घेतलं, अर्धी रक्कम विजेत्याला आणि अर्धी चांगल्या कामाला. लागलं नाही.

आता दोन प्रश्न उरले. पुढच्या महिन्यात टेडी बेअर टॉसची मॅच आहे म्हणे, घरच्या संघाचा पहिला गोल झाला की सगळे बर्फावर खेळणी फेकतात आणि ती गरजू मुलांना जातात. मुलगी आत्तापासून उड्या मारतेय. वरच्या रांगेतून ते अस्वल बर्फापर्यंत पोचतं का, की खालच्या माणसाच्या डोक्यावर पडतं? आणि बिलेट कुटुंब व्हायचं तर नेमकं काय काय लागतं, घरात कोणी ठेवलंय का? नवऱ्याला दाखवायला काहीतरी हवंय.

---

अर्धी_गोधडी

अस्वल नवंच घ्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्या, नाहीतर बर्फावर भिजतं. वरून पोचत नाही, पण काळजी नको. खालचे लोक उचलून पुढे फेकतात, हाताहाताने जातं.

---

जुना_भाडेकरू

बिलेटसाठी क्लबला थेट लिहा, त्यांच्याकडे हे बघणारं माणूस असतं. घरी येऊन बघतात, पोलिसांकडचा दाखला मागतात, खर्चासाठी महिन्याला थोडी रक्कम देतात. वेगळी खोली पाहिजे आणि फ्रिज मोठा पाहिजे. शेजारची आजी म्हणायची, एक खेळाडू म्हणजे जेवायला तीन माणसं. नवऱ्याला हे शेवटचं आत्ताच सांगू नका.