७०३ मध्ये मांजर येतंय म्हणे

अपर्णा बी-५०२: नमस्कार. ७०३ मध्ये पर्शियन मांजर येणार असं लिफ्टमध्ये कळलं. आनंद आहे. फक्त एकच विचारते, बाल्कनीला जाळी लावलीत का? गेल्या पावसाळ्यात आमच्या बोक्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

संजय बी-७०३: वहिनी, अजून घेतलेलं नाही. रविवारी बघायला जाणार आहोत. लेकीला दहावीनंतर कबूल केलं होतं. आणि लिफ्टमधल्या बातम्या इथे नकोत, प्लीज.

देशपांडे काका ए-१०१: माझ्या अ‍ॅक्टिव्हाच्या सीटवर मांजराने ओरखडे काढले. नवीन कव्हर ८५० रुपये. यावर कोणी बोलत नाही.

मेघना ए-३०४: काका, ती पार्किंगमधली. संजयदादा, राग नको, पण पर्शियनच का? आमच्याकडे नऊ वर्षं होती. नाक चपटं, म्हणून डोळे सतत पाझरायचे, रोज कापसाने पुसायचे. दोन दिवस विंचरलं नाही की पोटाखाली आणि काखेत गुंते. ते शेवटी डॉक्टरांनी मशीन फिरवून काढले. एप्रिलात तोंड उघडं टाकून धापा टाकायची.

नितीन सी-२०१: पण शांत असतात ना? फ्लॅटमध्ये तेच बरं.

मेघना ए-३०४: शांत असतात, खरंय. पण किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार त्या जातीत आईबापाकडून येतो. आमची त्यातच गेली. विकणाऱ्याकडे आईबापाच्या तपासणीचा कागद मागा, चेहरा कसा होतो बघा.

प्रसाद सी-६०४: रोज विंचरायचं? आमच्याकडे विंचरायला काही उरलंच नाही 😄

सौ. प्रसाद सी-६०४: घरी या. मेथी निवडायची आहे.

शहा काका ए-४०२: माझं मत, प्राणीच नकोत. सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव करून टाका, विषय संपला.

सेक्रेटरी: शहाजी, तसा ठराव करता येत नाही. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, बहुमतानेही बंदी घालता येत नाही. कुत्र्यांच्या वेळी हे सगळं बोलून झालंय.

देशपांडे काका ए-१०१: ८५० रुपये.

संजय बी-७०३: मग कुठलं घ्यायचं? आम्ही दोघंही ऑफिसला, लेक दिवसभर क्लासला.

मेघना ए-३०४: मग दोन महिन्यांचं पिल्लू एकटं नकोच. रात्री रडतं, दिवसा पडदे चढतं. घ्यायचीच तर दोन पिल्लं घ्या, एकमेकांशी खेळतात. नाहीतर सरळ वर्ष-दोन वर्षांची, आखूड केसांची देशी घ्या, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. स्वभाव काय तो समोरच दिसतो. जमिनीवर बसा, बोट पुढे करा आणि गप्प राहा. वास घेऊन गाल घासला तर जमलं. कान मागे टाकून शेपूट आपटायला लागली तर उठा.

नितीन सी-२०१: पार्किंगमधली तिरंगी तशीच आहे की! मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं, डाव्या कानाला खूण आहे. तो की ती?

मेघना ए-३०४: तिरंगी म्हणजे बहुतेक वेळा मादीच. ही तर नक्की, ऑपरेशनला मीच नेली होती, ३०० रुपये रिक्षा. कोणी विचारलं नाही, असो.

देशपांडे काका ए-१०१: सीटवाली तीच.

संजय बी-७०३: काका, मी कस्तुरी, बाबांच्या फोनवरून. मी आत्ता खाली जाऊन बोट धरलं. तिने गाल घासला आणि मग माझ्या चपलेवर झोपली.

शहा काका ए-४०२: दहावी झाली म्हणून चालतंय.

संजय बी-७०३: मी संजय. फोन काढून घेतला. पर्शियनवाल्याला रविवारचं रद्द म्हणून कळवतोय. मेघना, डॉक्टरांचा नंबर पर्सनलवर दे, आधी रेबीजचं आणि दुसरं इंजेक्शन करून घेऊ. देशपांडे काका, ८५० मी देतो, तेवढा विषय सोडा.

देशपांडे काका ए-१०१: पावती आहे.

अपर्णा बी-५०२: जाळी?

मेघना ए-३०४: हो, ते आधी. आणि कबुतरांची बारीक नायलॉनची नको, दातांनी कुरतडतात. खिडकीच्या सरकत्या डासांच्या जाळीवरही भरवसा नको, पंजाने ढकलून उघडतात. घरात लिली असेल तर देऊन टाका, मांजराची किडनी जाते. क्रोसिनची गोळी खाली पडली तरी शोधून काढा.

संजय बी-७०३: गुरुवारी माणूस मापं घ्यायला येतोय.

सेक्रेटरी: इमारतीच्या दर्शनी भागाचा प्रश्न आहे. आधी कमिटीकडे लेखी अर्ज करावा.

अपर्णा बी-५०२: संजय, नमुना मी पाठवते. माझा अर्ज गेल्या मेपासून कमिटीच्या फायलीत आहे, त्यावरूनच उतरवून घ्या.