मदत हवी आहे: पाटीवर अक्षय निधी, अक्षय्य निधी की शाश्वत निधी?

नमस्कार मंडळी, एका शब्दावरून घरात तीन दिवस वाद चाललाय, कृपया सोडवा. आजीच्या नावाने गावच्या वाचनालयात ५० हजारांची ठेव ठेवतोय, मुद्दलाला कुणी हात लावायचा नाही आणि दरवर्षी येणाऱ्या व्याजातून मुलांसाठी पुस्तकं घ्यायची असं ठरलंय. संगमरवरी पाटीचा मजकूर गुरुवारपर्यंत द्यायचाय आणि "यांच्या स्मरणार्थ" च्या पुढे गाडी अडलीय.

बाबा म्हणतात शाश्वत निधी लिही, देवळाच्या पावतीवर शाश्वत पूजा असतंच की. पण मला आता शाश्वत म्हटलं की शाश्वत शेती, शाश्वत विकास असलंच आठवतं, वाचणाऱ्याला वाटायचं वाचनालयावर सोलर बसवलाय. काका चिरंतनवर अडून बसलेत. चिरंतन सत्य, चिरंतन मूल्यं इथवर ठीक, पण एफडीला चिरंतन म्हणजे जरा अतीच होतंय ना? मला अक्षय बरं वाटतं, पण कॅलेंडरवर तृतीया 'अक्षय्य' असते, मग हे दोन वेगळे शब्द आहेत का एक चुकीचा आहे? (आजीचं माहेर जळगावकडचं, ती सरळ आखाजी म्हणायची, म्हणजे तिच्याकडूनही निकाल नाही.)

प्रतिसाद १: दोन्ही बरोबर आहेत. अक्षय म्हणजे ज्याला क्षय नाही. क्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊ शकतो, म्हणून अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होऊच शकत नाही. फरक बारीक आहे, बोलताना कोण बघतंय. आणि चिरंतनमधला 'तन' हा पुरातन, सनातन, अद्यतन यातलाच, संस्कृतात चिरंतनचा अर्थ फार दिवसांचं, जुनं असाही होतो, त्यामुळे काल उघडलेल्या एफडीला तर नकोच :)

प्रतिसाद २: अहो, तुमचा शब्द नाशकात दगडावर कोरलेलाच आहे की! पांडवलेण्यात १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे, त्यात 'अखयनिवि' म्हणजे अक्षयनीवी (नीवी म्हणजे मुद्दल, ठेव) असा शब्द येतो. त्याने ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे ठेवले, २००० शेकडा दरमहा १ ने आणि १००० पाऊण टक्क्याने, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च. पुढे स्पष्टच लिहिलंय की मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. म्हणजे तुमच्या आजीचीच स्कीम, जवळपास १९०० वर्षं जुनी. नीवी आज कुणाला कळणार नाही, तेव्हा अक्षय निधी करा.

धागाकर्ता: दोघांचेही खूप आभार, अक्षय निधी फायनल, शिवाय पाटीवाला अक्षरामागे पैसे घेतो. काका गप्प झालेत. बाबांना नाशिकचा लेख वाचून दाखवला तर म्हणाले, ते राहू दे, वर्षाला १२ टक्के देणारे ते विणकर अजून आहेत का बघ.