ओक्लाहोमा सिटी थंडरचे विजेतेपद नक्की कोणत्या ट्रेडमधून आले?

बँकशॉट:

22 जून 2025 रोजी थंडरने इंडियाना पेसर्सला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, विजेतेपद मिळवले. तेव्हापासून सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांच्या कारभाराविषयी जे लिहिले जाते, त्यात एक विधान हमखास असते: त्यांनी जुने तारे ट्रेडमध्ये, म्हणजे संघांमधल्या देवाणघेवाणीत, विकून ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीतल्या पिकांचा, म्हणजे निवडीच्या हक्कांचा, प्रचंड साठा केला आणि त्या साठ्यातून हा संघ उभा राहिला. प्रेस्टी यांच्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे, पण हे कारण मला पटत नाही, आणि इतर संघांचे चालक तेच कारण खरे मानून नक्कल करू लागतील तर ते फसतील असे मला वाटते.

जुलै 2019 मधला, थंडरचा तेव्हाचा तारा पॉल जॉर्जचा व्यवहार आधी पाहू. लॉस एंजेलिस क्लिपर्सने जॉर्जच्या बदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर आणि डॅनिलो गॅलिनारी हे दोन खेळाडू, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि त्याखेरीज दोन वर्षी पिकांच्या अदलाबदलीचा हक्क दिला. या पाचांतले दोन पिक मूळचे मायामीचे होते. त्यांतल्या 2021 च्या पिकावर अठराव्या क्रमांकाने ट्रे मॅन निवडला गेला आणि विजेतेपदाच्या आधीच्याच हंगामात तो शार्लटला गेला. मायामीचा दुसरा पिक लांबत लांबत 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे करंडक हाती आल्यानंतर, वापरला गेला. क्लिपर्सच्या 2022 च्या पिकावर बाराव्या क्रमांकाने जेलन विल्यम्स मिळाला, ज्याने अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात 40 गुण केले. पाच पिकांपैकी मैदानावर ज्याचा निर्णायक उपयोग झाला असा हा एकच. ज्याच्याभोवती संघ उभा राहिला तो शे हा पिक नव्हता. तो एक हंगाम खेळलेला, प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेला खेळाडू होता.

आता बाकीचा संघ बघा. चेट होमग्रेन 2022 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मिळाला तो संघाच्या स्वतःच्या पिकावर, म्हणजे हरण्याची किंमत मोजून, कारण ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक साधारणपणे जास्त हरणाऱ्या संघांना मिळतात. लू डॉर्ट ड्राफ्टमध्ये कोणी निवडलाच नव्हता, आयझाया जो फिलाडेल्फियाने सोडून दिलेला खेळाडू होता, ॲरन विगिन्स 2021 मध्ये पंचावन्नावा निवडला गेला होता, हार्टनस्टाइन करार करून आला आणि ॲलेक्स करूसो जॉश गिडीच्या बदल्यात. रसेल वेस्टब्रूकला ह्यूस्टनला देऊन जे पिक मिळाले, त्यातल्या 2024 च्या पिकावर निवडलेला निकोला टोपिच गुडघ्याच्या दुखापतीमुळे विजेतेपदाच्या हंगामात एक मिनिटही खेळला नाही. साठा मोठा होता हे खरे, पण संघ जिंकला तो साठ्याबाहेरच्या निर्णयांवर.

पिव्हट:

बँकशॉट यांनी दिलेले तपशील बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. प्रत्येक पिकातून खेळाडू निघालाच पाहिजे ही कसोटीच चुकीची आहे. पहिल्या फेरीतल्या विसाव्या क्रमांकाच्या आसपास निवडलेला खेळाडू बहुतेक वेळा बाकावर बसणारा ठरतो, हे लीगमधल्या प्रत्येक चालकाला ठाऊक असते. पाच पिक घेतल्यावर एक जेलन विल्यम्स मिळणे हा अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला परतावा आहे, आणि तो मिळण्यासाठी पाच घ्यावेच लागतात, कारण त्यातला नेमका कोणता फळेल हे 2019 मध्ये कोणीच सांगू शकत नव्हते.

2022 च्या ड्राफ्टचीच रात्र घ्या. अकराव्या क्रमांकाचा पिक मिळवण्यासाठी थंडरने न्यूयॉर्क निक्सना पहिल्या फेरीचे तीन संरक्षित पिक (ठरावीक वरच्या क्रमांकांवर आले तर हस्तांतरित न होणारे) दिले आणि त्यावर उस्मान जेंग निवडला. लगेच पुढच्या, बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स. जेंगला संघात मोठी जागा कधीच मिळाली नाही. ज्या संघाकडे त्या रात्री एकच पिक असता, त्याला या दोघांमधून एकाची निवड करावी लागली असती. थंडरला ती करावी लागली नाही. साठ्याचा अर्थ इतकाच आहे की चुकण्याची मुभा मिळते.

करूसोच्या व्यवहाराविषयीही हेच म्हणता येईल. 2024 च्या जूनमध्ये शिकागोने गिडीच्या बदल्यात एकही पिक न मागता करूसो दिला, आणि उलट बाजूने थंडरनेही काही जास्तीचे मागितले नाही. हातात इतके पिक असलेला चालक शेवटच्या एका पिकासाठी घासाघीस करीत बसत नाही. त्याला हवा तो माणूस तो घेऊन येतो. हा साठ्याचा उपयोग नव्हे तर काय?

बँकशॉट:

जेंगचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्या तीन पिकांपैकी दोन, डेट्रॉइटचा आणि वॉशिंग्टनचा, कुठून आले होते ते पाहा. 2021 मध्ये थंडरकडे सोळावा क्रमांक होता. त्यांनी तो ह्यूस्टनला दिला आणि बदल्यात हेच दोन संरक्षित पिक घेतले. ह्यूस्टनने त्या सोळाव्या क्रमांकावर अल्परेन शेन्गुन घेतला, जो 2025 मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत निवडला गेला. म्हणजे समोर दिसणारा खेळाडू सोडून भविष्यातले दोन पिक घेतले, आणि वर्षभराने त्यांत तिसरा घालून जेंग घेतला. साठा वाढवण्याच्या सवयीने इथे एक उत्तम सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) हातचा गेला. हे नुकसान विजेतेपदाच्या झगझगाटात कोणी मोजत नाही, आणि ते मोजले पाहिजे.

विदर्भवासी:

दोघेही 2019 पासून हिशेब सुरू करता, याचे मला फार वाईट वाटते. या संघाच्या ट्रेडचे मूल्यमापन करायचे तर सुरुवात 27 ऑक्टोबर 2012 पासून झाली पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये थंडर अंतिम मालिकेत खेळला होता, आणि मायामीकडून 4-1 असा हरला असला तरी त्या संघात केव्हिन ड्युरांट आणि वेस्टब्रूक 23 वर्षांचे, तर जेम्स हार्डन 22 वर्षांचा होता. तिघेही पुढे एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाले: ड्युरांट 2014 मध्ये, वेस्टब्रूक 2017 मध्ये आणि हार्डन 2018 मध्ये. करार वाढवण्याच्या बोलण्यात काही दशलक्ष डॉलरांचा फरक पडला म्हणून हार्डनला ह्यूस्टनला दिले गेले. परत काय आले? केव्हिन मार्टिन, जो एका हंगामानंतर गेला; जेरेमी लॅम्ब; आणि पिक, ज्यांतून स्टीव्हन ॲडम्स, मिच मॅकगॅरी आणि ॲलेक्स अब्रिनेस आले. ॲडम्स हा प्रामाणिक आणि दणकट खेळाडू होता, त्याच्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही. पण तिघा एमव्हीपींपैकी एकाच्या बदल्यात ते पुरेसे होते असे कोणी म्हणू नये.

2025 चा करंडक पाहून 2012 ची जखम भरली असे लिहिणाऱ्यांना मी विचारतो की ती तेरा वर्षे ज्या प्रेक्षकांनी पाहिली त्यांच्या हिशेबात ती कुठे धरायची?

सहावा खेळाडू:

विदर्भवासी यांचा संताप मी समजू शकतो, तरी 2013 च्या अपयशाचे खापर त्या ट्रेडवर फोडता येत नाही. त्या मोसमात थंडर पश्चिम विभागात अव्वल होता, आणि पहिल्याच फेरीत, योगायोगाने ह्यूस्टनविरुद्धच, वेस्टब्रूकच्या गुडघ्याला दुखापत झाली. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 2011 च्या कामगार करारानंतर वेतनमर्यादा ओलांडणाऱ्या संघांवर बसणारा कर बराच कडक होणार होता आणि ओक्लाहोमा सिटी ही लहान बाजारपेठ आहे. पैसे न देण्याचा निर्णय चुकीचा होता असे मलाही वाटते; परंतु तो मालकांच्या तिजोरीचा निर्णय होता. एकदा तो झाल्यावर जे मिळाले ते वाईट नव्हते. ॲडम्स सात हंगाम खेळला, आणि 2020 मध्ये त्याला न्यू ऑर्लिन्सला देताना जे आले त्यात केनरिच विल्यम्स होता, जो 2025 च्या विजेत्या संघात होता.

मला खरे तर दुसऱ्याच व्यवहाराविषयी लिहायचे आहे. 2016 च्या ड्राफ्टच्या रात्री थंडरने सर्ज इबाका ऑर्लँडोला देऊन व्हिक्टर ओलाडिपो, एर्सान इल्यासोवा आणि नुकताच अकरावा निवडला गेलेला डोमान्टस सबोनिस घेतला. 2017 मध्ये ओलाडिपो आणि सबोनिस इंडियानाला देऊन पॉल जॉर्ज आणला. तेव्हा इंडियाना लुटला गेला असे जवळजवळ सगळे म्हणत होते. पुढच्याच मोसमात ओलाडिपो ऑल-स्टार झाला, नंतर सबोनिसही झाला, आणि 2022 मध्ये सबोनिसला सॅक्रामेंटोला देऊन इंडियानाने टायरीस हॅलिबर्टन घेतला. जॉर्जचे पुढे शे आणि जेलन झाले, सबोनिसचा हॅलिबर्टन झाला, आणि 2025 च्या अंतिम मालिकेत हेच दोन संघ समोरासमोर आले. (ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या डोममध्ये एनबीएचे जे दोन सामने झाले ते इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांच्यातच होते, हे मुंबईकरांना आठवत असेल.) ज्या ट्रेडमधून दोन्ही अंतिम संघ घडले तो ट्रेड कोणी जिंकला आणि कोणी हरला, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

बँकशॉट:

ही साखळी आणखी मागे नेता येते. 2007 च्या उन्हाळ्यात, संघ सिअॅटलमध्ये असताना, फिनिक्सला वेतनाचा बोजा कमी करायचा होता म्हणून त्यांनी कर्ट थॉमस हा अनुभवी खेळाडू आणि वर पहिल्या फेरीचे दोन पिक जवळजवळ फुकटात दिले. त्यातल्या 2008 च्या पिकावर चोविसाव्या क्रमांकाने इबाका आला. इबाकातून ओलाडिपो आणि सबोनिस, त्यांच्यातून जॉर्ज, जॉर्जमधून शे. प्रेस्टी यांची खरी ताकद मला इथे दिसते. मूल्य उतरण्याआधी प्रत्येक खेळाडूचे रूपांतर करायचे आणि हातातली वस्तू कधी संपू द्यायची नाही. जिथे हे जमले नाही तिथे काय झाले तेही समोर आहे: 2016 मध्ये ड्युरांट करार संपल्यावर गोल्डन स्टेटला गेला आणि परत काहीही आले नाही.

पिव्हट:

माझा या साखळ्यांना ठाम विरोध आहे. 2007 मध्ये कर्ट थॉमस घेणाऱ्याला शेचे नावही माहीत असणे शक्य नव्हते. शे तेव्हा नऊ वर्षांचा होता. साखळीतला प्रत्येक दुवा हा वेगळा निर्णय होता, वेगळ्या माहितीवर घेतलेला, आणि त्याचे श्रेय किंवा दोष त्या दिवशी दोन्ही बाजूंना काय दिसत होते यावरूनच ठरवले पाहिजे. हॅलिबर्टन देण्याचा निर्णय सॅक्रामेंटोचा होता, 2017 च्या ट्रेडचा नव्हता. अन्यथा केनरिच विल्यम्सच्या नावावर हार्डनचा ट्रेडही यशस्वी म्हणावा लागेल.

डलासकर:

पिव्हट म्हणतात तसे त्या दिवशीच्या चित्रावरच बोलू या. जुलै 2019 मध्ये थंडरने काही विक्रीला काढले नव्हते. क्वाय लेनर्ड क्लिपर्सकडे यायला तयार होता, पण त्याला जॉर्ज सोबत हवा होता, आणि जॉर्जने स्वतःहून दुसरीकडे पाठवण्याची मागणी केली. म्हणजे क्लिपर्स एका खेळाडूसाठी नव्हे, दोघांसाठी किंमत मोजत होते, आणि प्रेस्टी यांना ते ठाऊक होते. अशी परिस्थिती कोणी घडवून आणू शकत नाही. ती आल्यावर शेचे नाव लावून धरणे आणि शिवाय पिकही घेणे हे मात्र कौशल्य होते. क्लिपर्सना मूर्ख ठरवणेही अन्यायाचे होईल, कारण याच जोडीच्या जोरावर ते 2021 मध्ये प्रथमच पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले. त्यांचे खरे नुकसान 2024 मध्ये झाले, जेव्हा जॉर्ज फिलाडेल्फियाला गेला आणि त्यांना परतावा मिळाला नाही.

या चर्चेत कोणी हरण्याच्या वर्षांचा खर्च नीट मांडलेला नाही. ख्रिस पॉलच्या नेतृत्वाखाली 2019-20 मध्ये थंडरने 44 सामने जिंकून ह्यूस्टनला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले होते. तो संघ पाडला गेला. पुढच्या वर्षी 22-50, त्यानंतर 24-58, आणि डिसेंबर 2021 मध्ये मेम्फिसकडून 152-79 असा, लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठ्या फरकाचा पराभव. होमग्रेन त्याच हरण्यातून मिळाला. तिकीट काढून ते सामने पाहायला जाणाऱ्या माणसाला ड्राफ्टमधले पिक मैदानावर दिसत नाहीत, आणि पिकांच्या साठ्याची स्तुती करताना ही किंमत त्यांच्या शेजारी लिहिली गेली पाहिजे.

विदर्भवासी:

डलासकर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. सहावा खेळाडू यांना मात्र सांगतो की मालकांची तिजोरी वेगळी आणि ट्रेड वेगळा असे करता येत नाही. विक्री घाईची होती, हंगाम तोंडावर आला होता, आणि हार्डन त्या वर्षी करारातच असल्याने तो हंगाम त्याच्यासह खेळून पुढच्या उन्हाळ्यात निर्णय घेता आला असता.

पिव्हट:

हार्डनचा प्रश्न आता त्याच संघापुढे नव्या रूपात उभा आहे. 2025 च्या उन्हाळ्यात शे, होमग्रेन आणि जेलन विल्यम्स या तिघांशीही मोठ्या रकमांचे वाढीव करार झाले आहेत. 2023 च्या कामगार करारातले निर्बंध इतके कडक आहेत की खर्चाची वरची मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला ट्रेड करणेही अवघड होते. अशा वेळी बाकावरची माणसे स्वस्त लागतात आणि ती नव्या निवडींच्या ठरावीक, कमी वेतनाच्या करारांवरच मिळतात. 2012 मध्ये तिसरा तारा राखायचा म्हटल्यावर बाकीच्या जागा स्वस्तात भरण्याची सोय नव्हती. आज ती आहे. बँकशॉट यांनी 2025 च्या संघात पिकांचा हिशेब शोधला आणि त्यांना एकच नाव सापडले. तोच हिशेब त्यांनी 2027 आणि 2028 च्या संघांवर मांडावा.

बँकशॉट:

मांडायला मी तयार आहे, पण मोजताना माझी अट तीच राहील: पिकांची संख्या नको, त्यांतून आलेला माणूस बाद फेरीच्या सामन्यात किती मिनिटे खेळला ते सांगा.