मदत हवी आहे: अलिबागजवळच्या जुन्या बेने इस्रायली दफनभूमीची साफसफाई आणि दुरुस्ती

अलिबाग तालुक्यातल्या एका गावाबाहेर बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू (यहुदी) समाजाची जुनी दफनभूमी आहे. बहुतेक कुटुंबं मुंबई-ठाण्याला नाहीतर इस्रायलला गेली, त्यामुळे घाणेरी आणि करवंदीचं रान माजलं आहे. संगमरवरी पाट्यांवर काळी बुरशी आहे, दोन थडग्यांत पिंपळ शिरलाय, आधीच्या डागडुजीतलं सिमेंट सुटतंय. लेख मराठी आणि हिब्रूत आहेत, पुष्कळ अक्षरं पुसट. दिवाळीनंतर काम काढायचं आहे. सुरुवात कुठून करावी? पाट्यांना अ‍ॅसिड चालेल का?

प्रतिसाद १

अ‍ॅसिड अजिबात नको. संगमरवर मुळात चुनखडकापासूनच बनलेला, अ‍ॅसिडने वरचा थर विरघळतो आणि अक्षरांच्या कडा जातात. ब्लीचिंग पावडर, तारेचा ब्रश आणि प्रेशरचं पाणीही नको.

आधी पाटी साध्या पाण्याने पूर्ण भिजवा, म्हणजे मळकं पाणी दगडात मुरत नाही. मग नायलॉनच्या मऊ ब्रशने खालून वर घासा. वरून खाली घासलं तर ओघळांचे डाग राहतात. जाड शेवाळ बांबूच्या चिपेने काढा. पहिल्यांदा कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. पृष्ठभाग साखरेसारखा सुटत असेल तर त्या पाटीला ब्रश लावू नका.

प्रतिसाद २

साफसफाईच्या आधी नोंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं. फार जुन्या थडग्यांवर बहुधा लेख नसतो, काळ्या दगडाचे नुसते धोंडे असतात. जेसीबी फिरला की ते पडीक दगड समजून बाजूला लोटले जातात आणि थडगं कुठे होतं याची खूण कायमची जाते. म्हणून रान कोयत्यानेच तोडा. पेटवूही नका, आचेने संगमरवर तडकतो.

दोन पक्के बिंदू धरा, उदाहरणार्थ फाटकाचा खांब आणि कुंपणाचा कोपरा. प्रत्येक थडग्याचं अंतर दोन्हींपासून टेपने मोजून नकाशावर क्रमांक द्या. दगडावर रंगाने आकडे घालू नका.

पुसट अक्षरांवर खडू, तेल किंवा पीठ चोळू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर बाजूने आरशाचा कवडसा टाकून फोटो काढा. शिशाची अक्षरं गळून गेली असतील तर ती बसवायला पाडलेली बारीक भोकं राहतात, त्यांवरूनही नाव लागतं. किहीमकर, नवगावकर, पेणकर ही आडनावं गावांवरून आलेली, त्यामुळे घराणं शोधायला उपयोगी.

हिब्रू वर्ष अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला ठरावीक आकडा, हजार बहुधा गाळलेले. उदाहरणार्थ ‘ताव’ ४००, ‘रेश’ २००, ‘पे’ ८०, ‘हे’ ५ म्हणजे ६८५, अर्थात ५६८५. त्यातून ३७६० वजा केले की १९२५. पण तिश्री, हेश्वान, किस्लेव हे महिने असतील तर आणखी एक वजा करा, कारण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. मराठीत शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९.

धागाकर्ता

फार उपयोगी. पिंपळ आणि सिमेंटचं काय करू?

प्रतिसाद १

पिंपळ उपटू नका, मुळांबरोबर दगड निघतात. बुडाशी कापा, फुटवे येतील तसे छाटत राहा. मूळ वाळलं की पोकळी चुन्याने भरा.

सिमेंट घट्ट असल्यामुळे जमिनीतली खारट ओल दरजांतून (दगडांमधल्या सांध्यांतून) बाहेर पडू शकत नाही. ती पाटीतून निघते, मीठ पृष्ठभागाखाली साचतं आणि पापुद्रे सुटतात. सुटलेलं सिमेंट बारीक छिन्नीने काढा. घट्ट बसलेलं ओढून काढाल तर दगडाची कड फुटेल, ते राहू द्या.

दरजा भरायला किमान १५ दिवस भिजवलेला विरला चुना १ भाग, चाळलेली नदीची वाळू ३ भाग. खाडीची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. कायम ओल असेल तिथे अर्धा भाग सुरखी (विटांची पूड) घाला. भरण्याआधी दरज भिजवा, नंतर ओलं गोणपाट ७ ते १० दिवस ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात चुना पटकन सुकून भेगाळतो. नोव्हेंबर ते जानेवारी ठीक.

प्रतिसाद २

कामाआधी अलिबागच्या मागेन आबोथ सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) मंडळींशी बोला. थडगी हलवणं त्यांच्या धर्मात वर्ज्य आहे, आणि शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो, तेव्हा काम बंद ठेवा. थडग्यावर ठेवलेले लहान खडे कचरा समजून झाडू नका, ते भेटीला आलेल्यांनी आदराने ठेवलेले असतात.

तलाठ्याकडून सातबारा काढून मालकी आणि इतर हक्कातली नोंद पाहा. हद्दीचा वाद असेल तर कुंपणाआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.