साताऱ्याजवळ वाढे फाट्यावर म्हातारा लॅब्राडोर कुत्रा सापडलाय. मालक शोधू की नवीन घर?

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. भाऊबीजेला सकाळी माहेरी निघाले होते. वाढे फाट्याच्या अलीकडे, सर्व्हिस रोडला टायरवाल्याच्या पायरीशी एक लॅब्राडोर बसलेला दिसला. नर, पिवळट रंग, तोंड पार पांढरं झालेलं. वय दहाच्या आत नाही. टायरवाला म्हणाला, काल रात्रीपासून इथंच आहे, हाकललं की दहा पावलं जातो आणि परत येतो. मी गाडीचं मागचं दार उघडलं, तर त्यानं आपणहून पुढचे पाय आत ठेवले. मागचे त्याला उचलवेनात, ते आम्ही दोघांनी उचलले. माहेरी जाणं राहिलं. भाऊच संध्याकाळी आला आणि ओवाळून घेऊन गेला.

आज चौथा दिवस. गळ्यात पट्टा नाही, पण मानेभोवती बोटभर रुंदीची केस झिजलेली रेघ आहे. म्हणजे पट्टा होता आणि कुणीतरी तो मुद्दाम काढून घेतलाय. कोपरांना काळे घट्टे, नखं वाढून वळलेली. रात्री झोपेत कण्हतो. दहा वर्षं राखण करून घ्यायची आणि म्हातारा झाला की हायवेला आणून सोडायचा, हे मला सहन होत नाहीये. असल्या माणसाला शोधून हा जीव पुन्हा त्याच्या हाती द्यायचा का?

वाईजवळ मावसबहिणीचं शेतघर आहे, ती न्यायला तयार आहे, रविवारी येतेय. आमच्याकडे दोनच खोल्या आणि आठ महिन्यांची गावठी कुत्री चिमी आहे. याला मागच्या व्हरांड्यात ठेवलाय. देऊन टाकू ना?

कृष्णाकाठ
ताई, रविवारी देऊ नका. हात जोडून सांगतो.

आम्ही मलकापूरचे, कराडजवळ. एप्रिलमध्ये गल्लीतून वरात गेली, डॉल्बी आणि हजाराची माळ. आमचा शेरू गेटच्या फटीतून निसटला. अंगण, नदीकाठ, कोल्हापूर नाका, स्टँडचा परिसर, सगळं पालथं घातलं. माझी आई दीड महिना रात्री गेटला कुलूप लावू देत नव्हती. तो सापडला २८ सप्टेंबरला. त्या दिवशी जागतिक रेबीज दिन असतो, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मोफत लस होती. शेजारच्या काकू त्यांची मांजर घेऊन रांगेत होत्या, त्यांच्या पुढे शेरू. ओगलेवाडीच्या एका कुटुंबानं त्याला पाच महिने अगदी मायेनं सांभाळलं होतं. आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवर. त्यांना विचारलं, तुम्ही मालकाचा शोध का नाही घेतला? ते म्हणाले, हाडं दिसत होती, लंगडत होता, आम्हाला वाटलं छळून टाकून दिलाय.

हाडं रस्त्यावर राहून दिसत होती. लंगडणं पळताना लागल्यामुळं होतं. त्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट त्यांचे उपकार आहेत. पण एक अंदाज चुकला आणि आईचे पाच महिने गेले.

तुमचा लॅब्राडोर दिवाळीत सापडलाय. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून कुत्री तोंड वळेल तिकडं धावतात, एरवी चार घरं न ओलांडणारीसुद्धा. पट्टा नाही म्हणजे सोडलाय, असं धरून चालू नका.

आता कामाचं. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'कुत्रा सापडला आहे', एक स्पष्ट फोटो आणि फोन नंबर, एवढंच. वाचणारा गाडीवरून जात असतो. कुत्र्याच्या अंगावरची एखादी खूण शोधा आणि ती कुठंही सांगू नका, इथंही लिहू नका. मालक म्हणून फोन करील त्यानं ती सांगायला हवी. पोस्टर पहाटे बाहेर असणाऱ्यांना द्या: घंटागाडीवाले, पेपर टाकणारी मुलं, पंपावरची माणसं, चहाची टपरी. आणि दूधगाडी! गावोगावच्या डेअरीत रोज जाणारी तीच. शहरातले लोक फक्त व्हॉट्सॲपवर टाकतात, ते शहरातच फिरत राहतं. जवळच्या पोलीस ठाण्यातही फोटो देऊन ठेवा, म्हणजे पुढं कुणी चोरीचा आळ घेणार नाही.

दवाखान्यातली
मी एका व्हेटकडे नऊ वर्षं मदतनीस आहे. कोपरांच्या घट्ट्यांवरून निकाल देऊ नका. वजनदार कुत्रा फरशीवर किंवा कोब्यावर झोपत असेल तर लाडाकोडात वाढलेल्यालाही घट्टे येतात. म्हातारपणी चालणं कमी झालं की नखं झिजत नाहीत, म्हणून वाढतात. कण्हणं बहुधा सांध्यांचं असावं, पण तपासून घ्या.

आधी चिप आहे का बघा. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली. कधी सरकून खांद्यावर किंवा पायाकडं जाते, म्हणून स्कॅनर सगळ्या अंगावरून फिरवायला सांगा. त्यात १५ आकडी नंबर असतो, तो ज्या कंपनीकडं नोंदवलाय तिथं मालकाचं नाव मिळतं. चिपनं कुत्रा कुठं आहे ते कळत नाही, तो गैरसमज आहे. सगळ्या दवाखान्यांत स्कॅनर नसतो, आधी फोन करून विचारा.

चिमीला चौदा दिवस वेगळं ठेवा. भांडी वेगळी, मधे हात धुणं. पार्व्हो, डिस्टेंपर असा कुत्र्यांचा संसर्गजन्य रोग आत असेल तर तोवर बहुतेक वेळा बाहेर पडतं. कानांत आणि बोटांच्या मध्ये गोचीड बघा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर थांबू नका, गोचिडाच्या तापात रक्त कमी होतं. खाणं थोडं थोडं, चार वेळा. उकडलेलं अंडं, दहीभात. उपाशी कुत्र्याला एकदम भरपेट घालू नये.

आणि फराळ अजिबात नाही. बेसनाच्या लाडवातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष आहेत. दर दिवाळीत आमच्याकडं अशी एक-दोन तरी कुत्री येतात.

त्यानं तुम्हाला चावलं किंवा ओरखडलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. कुत्रा कितीही गरीब दिसत असला तरी.

गोडोलीकर
दोघांचे मनापासून आभार. चावला नाही. पण पहिल्याच दिवशी मी त्याला अर्धा लाडू दिला होता. बेदाणा काढला होता की नाही आठवत नाही, म्हणून आजच नेलं. रक्त तपासलं, मूत्रपिंड ठीक आहे, सांधेदुखीचं औषध सुरू केलंय. चिप नाही. खूण सापडली, लिहीत नाही. पंचवीस झेरॉक्स काढल्या आहेत. बहिणीला सांगितलं, थांब.

पायवाट
मालक नाही सापडला तर काय, त्याबद्दल लिहिते, कारण सोडून देणारेही भरपूर असतात. गेल्या मे महिन्यात मी कोरेगाव रस्त्यावरून एक पॉमेरियन आणली. तिचं अंथरूण आणि ताटली शेजारी ठेवून गेले होते. ती तीन दिवस त्या अंथरुणावरून उठली नाही.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार जनावर उपाशीतापाशी हाल होतील असं सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हे वाचून तुमचं रक्त तापेल, माझंही तापतं. तरी तक्रार नोंदवावी, कागद तयार होतो.

घर देताना घाई नको. ती पॉमेरियन मी पहिल्यांदा दिली तेव्हा अकराव्या दिवशी परत आली. घरमालकाची परवानगीच नव्हती. तेव्हापासून मी स्वतः घर बघून येते, घरातल्या प्रत्येकाशी बोलते, विशेषतः जिला खरोखर खाणं घालावं लागणार त्या बाईशी. जातिवंत मादी असेल तर नसबंदी केल्याशिवाय देत नाही, नाहीतर पिल्लांच्या धंद्यासाठी नेतात. शेतघर चांगलंच, पण बहिणीला विचारा: रात्री तो आत झोपेल की बाहेर? वाईची थंडी आणि त्याचे सांधे.

गोडोलीकर
नऊ दिवसांनी लिहितेय.

पहिल्या आठवड्यात तीन फोन आले. एकानं 'जातिवंत असल्याचे कागद आहेत का' एवढंच विचारलं. एकाला खूण सांगता आली नाही. तिसरा मुलगा गंभीरपणे बोलत होता, पण त्याची कुत्री मादी होती. त्याचा नंबर लिहून ठेवलाय.

काल सकाळी लिंब गावाहून एका आजोबांचा फोन. दूधगाडीवाल्यानं तिथल्या डेअरीत पोस्टर चिकटवलं होतं. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "जिभेच्या डाव्या कडेला काळा ठिपका हाय का बघा." तीच खूण होती.

दुपारी नातवाबरोबर आले. नरकचतुर्दशीला पहाटे घरातल्या सगळ्यांबरोबर त्यालाही उटणं लावून आंघोळ घातली होती. पट्टा धुऊन तारेवर वाळत टाकला, तो लक्ष्मीपूजनाला संध्याकाळी वाजायला लागलं तरी तारेवरच होता. आजोबा आणि नातू सहा दिवस सायकलवर आनेवाडी टोलनाक्याकडं शोधत होते, कारण लहानपणी तो एकदा तिकडं गेला होता. हा मात्र उलटा, साताऱ्याकडं आला.

आजोबा व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि हळूच 'वाघ्या' म्हणाले. चार पावलांवर पाण्याच्या भांड्याशी जाताना मला ज्याला आधार द्यावा लागत होता, तो एकटा उठून उभा राहिला. मी त्यांच्याबद्दल काय काय बोलले होते ते त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी बी त्याच्यासाठीच चिडला होता की."

पट्टा ते बरोबर घेऊन आले होते. नातवानं तो गळ्यात बांधला, तर त्या झिजलेल्या रेघेवर बरोबर बसला. सांधेदुखीचं औषध आणि चिठ्ठी दिली आहे, चिप बसवायचं त्यांनी कबूल केलंय.

चिमीचे चौदा दिवस परवा पुरे झाले असते. वाढे फाट्यापासून गोडोलीपर्यंत माझी बावीस पोस्टरं आहेत, उद्या सकाळी काढून आणते.