मुंगूस आपलं की इंग्रजांचं?

येऊर_पायथा:
काल सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुंगूस दिसलं, जनरेटरच्या मागनं निघालं आणि दोन गाड्यांमधून सुळकन कुंपणाच्या भोकात. मुलगी सातवीत, इंग्लिश मीडियम, म्हणते बाबा मंगूज! म्हटलं अगं मुंगूस. तर म्हणे गूजचं अनेकवचन गीज होतं मग मंगूजचं मंगीज का होत नाही? मी गप्प. म्हणजे हा शब्द आपण त्यांच्याकडून उचलला का त्यांनी आपला नेला? घोडबंदर रोडला कोणाला विचारणार, इथे टाकतोय.

वाशी_सेक्टर_नऊ:
त्यांनी नेला. इंग्लिश डिक्शनरीत मंगूजच्या पुढे चक्क 'मराठी' लिहिलेलं असतं. ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर होता जॉन फ्रायर, १६७३ ला मुंबईत आला, म्हणजे महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी. त्याचं प्रवासाचं पुस्तक १६९८ ला छापलं, त्यात मुंगूस आहे, फेरेटचा (तिकडचा एक छोटा लांबुडका प्राणी) भाऊबंद म्हणून. फ्रेंचांचं मांगूस्त पण इथलंच, पोर्तुगीजांच्या हातून गेलेलं. आणि गूज म्हणजे तो हंसासारखा पक्षी, त्याच्याशी काही संबंध नाही हो, ऐकायला तसं आलं म्हणून स्पेलिंग तसं पडलं. त्यामुळे मंगूजेस. मुलीचा प्रश्न मात्र भारी.

खारेगावकर:
मला आपलं वाटायचं मुंगूसमधला गूस म्हणजे आपली घूस 😄 नाल्याशेजारी राहणाऱ्याला दुसरं काय सुचणार

वाशी_सेक्टर_नऊ:
घूस वेगळी. पण तिचं इंग्लिश नाव बँडिकूट, तेही इकडचंच, तेलुगू पंदिकोक्कु, पंदि म्हणजे डुक्कर, कोक्कु म्हणजे उंदीर. घूस बघितलेल्याला समजावून सांगायला नको.

कळवा_लोकल:
कॉलर जरा खाली घ्या मंडळी 🙂 १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात (इथल्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या शब्दांचा कोश) हा शब्द तेलुगू दिलाय, मराठी-दख्खनीचा उल्लेख नंतर येतो. कानडीतही मुंगुसी आहे. इंग्रजीत आपल्याकडून गेला हे बहुतेक कोश मानतात, पण आपण आणि शेजाऱ्यांत कोणी कोणाकडून घेतला हे भांडण शिल्लकच आहे.

येऊर_पायथा:
धन्यवाद सगळ्यांना. मुलीला वाचून दाखवलं, उद्या इंग्लिशच्या टीचरना सांगणार म्हणतेय, बघू काय होतंय. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला हां साहब नेवला है, पीछे बिल है उसका. आता नेवला कुठनं आला ते सांगा.

वाशी_सेक्टर_नऊ:
संस्कृत नकुल. पांडवांतला चौथा!